हवामानाचा हिशेब (भाग ५) : मदत म्हणायची की उसनवारी?

श्रीमंत देशांनी २००९ साली कोपनहेगनच्या हवामान परिषदेत विकसनशील देशांसाठी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे कबूल केले आणि हा आकडा दोन वर्षे उशिरा, २०२२ मध्ये गाठला, हे गेल्या आठवड्यात पाहिले. आता हा पैसा शिवारात कोणत्या रूपाने पोहोचतो ते पाहू. बुलढाणा जिल्ह्यातला संग्रामपूर तालुका पूर्णेच्या खोऱ्यात येतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा याच खोऱ्यातला. इथल्या बोअरचे खारे पाणी काळ्या जमिनीला देत राहिले, तर माती घट्ट बसते, निचरा थांबतो आणि सुकल्यावर वर पांढरा थर दिसतो. म्हणून पावसाचे पाणी शेततळ्यात धरायचे आणि मोठी उघडीप पडली की कपाशीला, तुरीला त्यातून एक संरक्षित पाणी द्यायचे, हाच भरवशाचा मार्ग उरतो. पाऊस जितका लहरी होईल, तितके हे एक पाणी मोलाचे.

या कामासाठी राज्याने २०१८ मध्ये नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे ‘पोकरा’, हाती घेतला. १५ जिल्ह्यांतील पाच हजारांवर गावे त्यात होती आणि खारपाणपट्ट्यातील गावांचाही त्यात समावेश होता. सुमारे ४,००० कोटींच्या या प्रकल्पात ७० टक्के वाटा जागतिक बँकेचा होता, पण ते ४२ कोटी डॉलरचे कर्ज होते. शेततळ्याचे अनुदान शेतकऱ्याच्या खात्यात आले, तरी त्यामागची परतफेड राज्याच्या तिजोरीवर, म्हणजे अखेर त्याच शेतकऱ्यावर आणि इतर करदात्यांवर आहे. हा अपवादही नाही. २०२२ मध्ये श्रीमंत देशांच्या सरकारी हवामान निधीतला सुमारे ७० टक्के पैसा कर्जरूपानेच गेला आणि तो पूर्ण रकमेने ‘मदत’ म्हणून मोजला गेला.

कर्जात वाईट काय, असे कोणी विचारील. जागतिक बँकेचा व्याजदर कमी असतो, मुदत लांब असते आणि देखरेखीमुळे कामाला शिस्त येते. हे सारे खरे आहे. सौर प्रकल्पासाठी असे कर्ज योग्यच ठरते, कारण वीज विकून हप्ता फेडता येतो. शेततळ्यातून मात्र वाचते ते पीक. टळलेल्या नुकसानीची पावती कुठल्याच तिजोरीत जमा होत नाही. शिवाय कर्ज डॉलरमध्ये असते. २०१८ च्या सुरुवातीला ६५ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २०२४ मध्ये ८३ रुपयांवर गेला. व्याजात झालेली बचत अशा घसरणीत बरीचशी आटते आणि हा विनिमयाचा धोका कर्ज घेणाऱ्यानेच सोसायचा असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भारत एकूण उत्सर्जनात जगात तिसरा आहे, मग त्याला अनुदान कशासाठी? पण दरडोई पाहिले तर भारतीय माणसाचे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन वर्षाला सुमारे दोन टन आहे आणि अमेरिकन माणसाचे त्याच्या सातपट. वातावरणात साठलेल्या वायूत कोरडवाहू शेतकऱ्याचा वाटा तर नगण्यच. तरीही जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टी झाली, जमिनी खरडून गेल्या. अशा आपत्तीतली सरकारी मदत ज्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येते, त्यात केंद्राचे ७५ आणि राज्याचे २५ टक्के असतात. म्हणजे नुकसानही आपले आणि भरपाईही आपलीच.

अनुदानावर पहिला हक्क सर्वांत गरीब देशांचा, हे मान्यच. म्हणून भारताची मागणी मोजकी असावी : उत्पन्न देणाऱ्या कामाला कर्ज, नुकसान टाळणाऱ्या कामाला अनुदान, आणि तेही जमत नसेल तर निदान रुपयातले कर्ज. बाकूमध्ये २०२४ साली २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचे नवे उद्दिष्ट ठरले. या आकड्यातले किती परत करायचे आहेत, हे वेगळ्या रकान्यात लिहिले जाईल, तेव्हाच त्यातल्या उरलेल्या रकमेला मदत म्हणता येईल. नुकसानभरपाईसाठी जो वेगळा निधी स्थापन झाला आहे, त्याचा हिशेब पुढच्या भागात.