जुनी मोटार घेताना हात लावून पाहा

लालबागला मसाल्याची गल्ली आहे. मार्च ते मे या दिवसांत तिथून जाताना माणसाला शिंका आल्याशिवाय राहत नाहीत. डंकावर मिरची कुटली जात असते.

त्या भागातल्या एक मावशी आमच्या ओळखीच्या. घरी मसाला करून त्या दादर, परळ, गिरगावच्या दुकानांत देत. पिशव्या उचलून उचलून त्यांची कंबर गेली. मग बचत गटातून कर्ज काढून त्यांनी आणि मुलाने एक जुनी व्हॅन घ्यायचे ठरवले.

विकणारा म्हणाला, "मावशी, इंजिन एकदम झकास. पाहिजे तर चालवून बघा."

मुलाने पहाटे मरीन ड्राइव्हवर एक फेरी मारली. गाडी वाऱ्यासारखी धावली. त्याच दिवशी पैसे दिले.

आठव्या दिवशी व्हॅन परळला वाहनांच्या गर्दीत अडकली. समोरच्या तक्त्यावरचा काटा लाल रेघेवर गेला. मुलाला वाटले, दादर आता आलेच, पोचू या कसेतरी. हिंदमातापाशी बॉनेटखालून वाफ आली आणि गाडी बंद पडली. मिस्त्रीने इंजिन उघडले. तो म्हणाला, "हेड वाकलंय, मावशी. गॅस्केट गेलंय. आणि हे आजचं नाही. ही गाडी आधीपासून तापत होती."

कर्जाचा हप्ता चालू आणि गाडी गॅरेजात! मावशींच्या हातात पुन्हा पिशव्या आल्या.

गाडीचा हा आजार घेण्यापूर्वी ओळखता आला असता का? हो, आला असता. त्यासाठी मिस्त्री असावे लागत नाही. डोळे, हात, नाक आणि थोडा धीर लागतो. कसे, ते आता पाहू.

इंजिन थंड कसे राहते?

पेट्रोल इंजिनाच्या पोटात जळते. त्या उष्णतेतला जेमतेम तिसरा हिस्सा चाके फिरवण्याच्या कामी येतो. बाकीची काही धुराबरोबर बाहेर जाते आणि काही इंजिनाच्या अंगात मुरते. ती काढून घेतली नाही तर धातू वाकतो, तेल जळते आणि शेवटी इंजिन अडकून बसते.

म्हणून इंजिनाच्या भिंती पोकळ केलेल्या असतात. त्यांतून पाणी फिरते. एक पंप ते फिरवतो. तापलेले पाणी पुढे रेडिएटरमध्ये जाते.

रेडिएटर म्हणजे काय? आपण गरम चहा बशीत ओततो ना, तसेच. बशीत चहा पसरतो, त्याला वारा लागतो आणि तो लवकर निवतो. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत पाणी असेच पसरते. गाडी धावत असली की समोरचा वारा ते निववतो. गाडी उभी असली की पंखा वारा घालतो.

रेडिएटरचे झाकण कुकरच्या झाकणासारखे असते. ते आत दाब धरून ठेवते. दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळत नाही. सुमारे १२० अंशांपर्यंत ते टिकते. झाकणाचे रबर गेले की दाब सुटतो आणि पाणी लवकर उकळते.

आणखी एक छोटी झडप असते. तिला थर्मोस्टॅट म्हणतात. इंजिन गार असताना ती बंद राहते. इंजिन पुरेसे तापले, साधारण ८० ते ९० अंश झाले, की ती उघडते आणि पाणी रेडिएटरकडे सोडते.

आपण पाणी म्हणतो खरे, पण आत नुसते पाणी नसावे. त्यात कूलंट मिसळलेले असावे. कूलंटमुळे आत गंज धरत नाही आणि पाणी उकळायलाही उशीर लागतो.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी अनेकांनी पाहिली असेल. तिची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. त्या गाडीचा पंखा पट्ट्याने इंजिनाला जोडलेला असे. इंजिन हळू चालले की पंखाही हळू फिरे. आजच्या बहुतेक मोटारींना विजेचा पंखा असतो. पाणी तापले की तो आपोआप सुरू होतो, निवले की बंद होतो.

आता मावशींच्या मुलाची चूक ध्यानात आली का? पहाटे मरीन ड्राइव्हवर गाडी धावत होती. वारा पंख्याचे काम करत होता. पंखा बिघडलेला असला तरी तिथे कळणार कसे?

म्हणून जुनी गाडी तीनदा पाहावी. थंड असताना, तापवून आणि पुन्हा थंड झाल्यावर.

पहिली पाहणी: गाडी थंड असताना

विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवावे, "आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका." गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम लागले तर परत यावे आणि दुसऱ्या दिवशी जावे. तापलेल्या गाडीचे बरेच दोष झाकले जातात.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. उकळते पाणी उसळून तोंड आणि हात भाजतात. इंजिन पूर्ण थंड असेल तरच, फडके धरून, सावकाश उघडावे.

आत काय दिसते? हिरवे, गुलाबी किंवा निळे, पण स्वच्छ पाणी असेल तर ठीक. गंजाचे तांबडे पाणी असेल तर मालकाने नुसत्या नळाच्या पाण्यावर गाडी चालवली आहे. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर दुखणे मोठे आहे. पाणी कमी असेल तर विचारावे, "बाकीचं पाणी गेलं कुठं?"

मग इंजिनाचे तेल मोजायची काडी ओढून पाहावी. तेल काळे असले तरी चालेल. पण ते दुधाच्या कॉफीसारखे दिसले तर तेलात पाणी शिरले आहे. अशी गाडी घेऊ नये.

रबरी नळ्या दाबून पाहाव्यात. त्या चिरलेल्या किंवा लिबलिबीत नसाव्यात. सांध्यांवर पांढरे, हिरवे डाग वाळलेले असतील तर तिथून गळती आहे. रेडिएटरच्या जाळीत चिखल बसला आहे का, तेही पाहावे. हिंदमातासारख्या सखल भागात पावसाचे पाणी तुंबते. त्या पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊन पुसून विकायला येते. पण जाळीतला चिखल सहसा राहून जातो.

दुसरी पाहणी: गाडी तापवून

आता झाकण घट्ट लावून गाडी चालू करा. एसी बंद ठेवा. मागच्या नळीकडे पाहा. सुरुवातीला थोडी वाफ आली तर घाबरू नये. पण पांढरा धूर येतच राहिला आणि त्याला गोडसर वास असला, तर इंजिनात कूलंट जळत आहे.

चावी फिरवताच पंखा सुरू झाला का? मग सावध व्हा. गाडी तापते हे लपवण्यासाठी कोणी पंखा 'डायरेक्ट' करून ठेवलेला असतो.

काट्यावर नजर ठेवा. तो हळूहळू वर यावा आणि मध्याच्या आसपास थांबावा. बराच वेळ गाडी चालवूनही तो तळालाच राहिला तर थर्मोस्टॅट काढून टाकलेला असू शकतो. हीसुद्धा एक युक्तीच. अशी गाडी पेट्रोल जास्त खाते आणि इंजिन लवकर झिजते.

काही नव्या गाड्यांना काटा नसतो, नुसता दिवा असतो. मिस्त्रीकडे गाडीला जोडायचे छोटे यंत्र असते. त्यावर अंश वाचता येतात.

यानंतर गाडी गर्दीत न्यावी. मोकळ्या रस्त्यावर नको. आंबेडकर रस्त्याने लालबागहून दादरकडे संध्याकाळी निघावे. पुलावरून जाऊ नये, पुलाखालून जावे. आता एसी लावावा. अर्धा तास गाडी थांबत थांबत चालू द्यावी. काटा मध्यावरच राहिला तर गाडी पास झाली. तो चढू लागला तर लगेच एसी बंद करून गाडी कडेला घ्यावी आणि इंजिन बंद करावे. "पोचू या कसेतरी" म्हणू नये. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नये. धातूला तडा जातो.

तिसरी पाहणी: गाडी पुन्हा थंड झाल्यावर

गाडी कोरड्या जागी उभी करून तासाभराने खाली पाहावे. स्वच्छ पाण्याचे थेंब एसीचे असतात. त्यांची काळजी नको. रंगीत, चिकट थेंब मात्र कूलंटचा असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीचे पाणी पुन्हा पाहावे. एका फेरीत ते बरेच उतरले असेल तर कुठेतरी वाट आहे. बाहेर गळती दिसत नसेल, तर ते बहुधा आतच जात आहे.

दोष सापडला म्हणजे गाडी सोडलीच पाहिजे असे नाही. झाकण, नळी, थर्मोस्टॅट या गोष्टी बदलता येतात. त्यांचा खर्च विचारून तेवढी किंमत उतरवून घ्यावी. पण तेलात पाणी, पाण्यात तेल किंवा न थांबणारा पांढरा धूर दिसला, तर नमस्कार करून निघावे. शेवटचा शब्द देण्याआधी मिस्त्रीलाही दाखवावे. मात्र मिस्त्री आपण नेलेला असावा, विकणाऱ्याने आणलेला नसावा.

मावशींची व्हॅन दुरुस्त झाली. पण कर्ज फेडायला एक वर्ष जास्त लागले. पुढे गिरगावातला त्यांचा भाचा जुनी गाडी घ्यायला निघाला, तेव्हा त्या मुद्दाम बरोबर गेल्या. आम्हीही होतो. विकणारा गाडीचे गुण सांगत होता. मावशींनी काही न बोलता बॉनेटवर हात ठेवला.

"गरम आहे रे," त्या भाच्याला म्हणाल्या. "चल, उद्या येऊ."

"मावशी, उद्यापर्यंत गाडी राहायची नाही!" विकणारा म्हणाला.

"नाही राहिली तर नाही राहिली, दादा," मावशी म्हणाल्या. "गाड्या पुष्कळ आहेत. पैसे एकदाच साठतात."