पिकअपचा ‘मिसफायर’ आणि उंदीर

तंजावर जिल्ह्यातील पापनाशमसारख्या भातपट्ट्यात कापणीनंतर खाचरांतील उंदीर गोदामांकडे वळतात. तेथे उभ्या पिकअपच्या वायरीही मग सुटत नाहीत. दात आयुष्यभर वाढत असल्याने कुरतडणे ही त्यांची गरजच असते.

पेट्रोल वा सीएनजी इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटले नाही, की क्रँकशाफ्टची गती क्षणभर मंदावते. गाडीचा संगणक ते टिपून इशाऱ्याचा दिवा लावतो. दिवा लुकलुकत असल्यास गाडी थांबवावी, अन्यथा न जळलेल्या इंधनाने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होतो. कीड न ओळखता फवारणी करणे आणि संकेतांक न वाचता प्लग बदलणे, दोन्ही सारखेच. स्कॅनरवरील ‘पी०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमधील दोष. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असल्यास, इंजिन थंड झाल्यावर पहिली व दुसरी कॉइल अदलाबदल करून संकेतांक पुसावा. पुन्हा ‘पी०३०२’ आला, तर कॉइल सदोष; ‘पी०३०१’च आला, तर प्लग, इंजेक्टर आणि वायरिंग पाहावे.

वायरीवर दातांच्या खुणा, जवळ लेंड्या आढळल्यास उंदरांचाही बंदोबस्त हवा. बांधावर तंजावरचा बांबूचा धनुष्य-सापळा उपयुक्त ठरतो. बोनेटखाली मात्र झिंक फॉस्फाईडचे आमिष ठेवू नये. ओलाव्याने त्यातून विषारी फॉस्फिन वायू सुटतो.