कांद्याच्या पट्टीत दडलेला प्रकल्प

एमबीए, बीबीए आणि एम.कॉम.च्या मुलांना प्रकल्पाचा आराखडा द्यायची तारीख जवळ आली, की सोलापुरात सात रस्त्याच्या चहाच्या गाड्यांवर एकच प्रश्न ऐकू येतो, ‘तू काय विषय घेतलास बे?’ उत्तरही बहुतेक ठरलेले. अमुक कंपनीच्या ग्राहकांचे समाधान, एक अभ्यास. दुसऱ्याचेही तेच, कंपनीचे नाव तेवढे वेगळे. गेल्या वर्षीच्या कुणाची तरी फाइल मिळते, नाव-गाव बदलते, झेरॉक्स होते आणि आराखडा ‘तयार’ होतो.

यातली बरीच पोरं मोहोळ, बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडच्या शेतकरी घरांतली. घरी कांदा, डाळिंब, दूध, ऊस. बापाने बाजारातून आणलेल्या हिशोबपट्ट्या भिंतीवर तारेला अडकवलेल्या. त्यातली एक पट्टी नीट वाचली तरी व्यवस्थापनाचा चांगला विषय हाती लागेल. पण गावाकडचा विषय घेतला तर गाइड हसतील, नोकरी देणारे नाक मुरडतील, अशी उगीचच धास्ती.

मुळात आराखडा म्हणजे काय? विहिरीसाठी बँकेकडे कर्ज मागायला गेलो तर साहेब आधी अंदाजपत्रक मागतात. किती खोल, खर्च किती, पाणी लागेल कशावरून, फेड कशी. संशोधनाचा आराखडा तसाच. मला काय शोधायचे आहे, ते का शोधायचे, माहिती कुणाकडून आणि कशी घेणार, किती दिवसांत, आणि कोणत्या गोष्टीला हात घालणार नाही, एवढे आधी लिहून द्यायचे. उत्तर आधी लिहायचे नसते. ते माहीतच असेल तर प्रकल्प कशाला?

एक उदाहरण घेऊ. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजार समितीत १० पिशव्या कांदा आणला. वजन ५१२ किलो, भाव किलोला १ रुपया. गाडीभाडे, हमाली, तोलाई वगैरे ५०९ रुपयांच्या वर कपात झाली आणि त्याच्या हातात २ रुपयांचा चेक पडला. देशभर बातम्या झाल्या, लोक हळहळले. व्यापाऱ्याचे म्हणणे होते की माल हलक्या प्रतीचा होता.

आता हेच व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याने बघावे. कपात पिशवीमागे साधारण ५१ रुपये पडली. कांदा २० रुपये किलोने गेला असता तर त्याच पिशवीचे हजारावर रुपये झाले असते आणि ५१ रुपये म्हणजे जेमतेम ५ टक्के. भाव १ रुपयावर आला तेव्हा तेच ५१ रुपये जवळजवळ अख्ख्या पट्टीएवढे झाले. कारण भाडे आणि हमाली भाव बघून ठरत नाही, पिशवी आणि वजन बघून ठरते. भाव पडला म्हणून हमालाने कमी घ्यावे असेही कसे म्हणायचे? त्याच्या पाठीवरचे ओझे तेवढेच असते.

म्हणजे प्रश्न असा मांडता येतो: कोणत्या भावाच्या खाली सोलापूरला कांदा आणणे शेतकऱ्याच्या अंगावर येते, आणि ही रेघ गावाच्या अंतराप्रमाणे किती सरकते? ‘कांदा उत्पादकांच्या समस्या’ हा विषय नव्हे, तो निबंध झाला. सात रस्त्यावर उभे राहून सातही रस्त्यांनी एकदम जाता येत नाही. एक पीक, एक बाजार, दोन-तीन गावे, ठरावीक वर्षे. मुंबई प्रांतात हे काम धनंजयराव गाडगीळांनी फार आधी करून दाखवले. पुण्यात १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि तिच्या पहिल्याच काही पुस्तकांत पुण्याच्या फळबाजाराची पाहणी होती. एवढा मोठा अर्थशास्त्रज्ञ, पण विषय घेतला फळांचा आणि एका शहराचा.

मग माहिती कुठून? पहिली म्हणजे जुन्या पट्ट्या. एका गावातल्या २५-३० घरांनी दाखवल्या तरी पुष्कळ. मात्र केवळ भाऊबंदांच्या घेऊ नयेत. लांबच्या वस्तीवरच्या, थोडाच माल आणणाऱ्याच्याही घ्याव्यात. २०१६ साली राज्य सरकारने फळे-भाजीपाल्याची, कांदा-बटाट्यासह, अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा नियम केला. त्यामुळे आधीची आणि नंतरची पट्टी शेजारी ठेवली तर नियम कागदावर काय आणि पट्टीवर काय, हे तपासता येते. भाडे, हमाली, तोलाई वेगवेगळ्या रकान्यात मांडावी. सगळे ‘खर्च’ म्हणून एकत्र केले की प्रकल्प संपला.

अडत्या आणि हमाल यांच्याशीही बोलावेच लागेल. आराखड्यात तसे लिहावे. शेतकऱ्याचा पोरगा म्हणून अडत्या चोरच, असे मनात धरून निघाल तर तो मोर्चा होईल, संशोधन नाही. प्रतीचा मुद्दा खरा निघाला तर तोही लिहायची तयारी हवी. नावे कुणाचीच छापायची नाहीत, ना बापाची ना पेढीची. बाजार समितीकडून माहिती हवी असेल तर कॉलेजचे पत्र आधी न्यावे, नाहीतर या टेबलावरून त्या टेबलावर आठवडा जाईल.

प्रश्नावलीबद्दल जरा स्पष्ट बोलतो. रात्रभर गाडीत बसून आलेला माणूस लिलावाच्या वेळी पिशवीपाशी उभा असतो. त्याच्यापुढे इंग्रजी फॉर्म धरून ‘आपण कितपत समाधानी आहात, पाचपैकी गुण द्या’ म्हणणाऱ्याला तो काय उत्तर देणार? आणि दिलेच, तर त्याचा उपयोग काय? प्रश्न मराठीत हवेत, मोजके हवेत, आणि लिलाव उरकल्यावर किंवा घरी जाऊन विचारावेत. ‘परवडलं का?’ असे विचारू नये. ‘पिशव्या किती, भाडं किती दिलं, हातात काय आलं’ असे विचारावे. आधी चार-पाच घरी विचारून बघावे, अडखळणारे प्रश्न काढून टाकावेत.

वेळापत्रकात पुष्कळ जण फसतात. सोलापूरला कांद्याची मोठी आवक डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, आणि कॉलेजचा प्रकल्प बहुधा उन्हाळ्यात. मे महिन्यात ‘लिलावाचे निरीक्षण’ करू असे लिहून दिले तर बघायला मिळणार काय? अशा वेळी सगळा भार जुन्या पट्ट्यांवर येतो. तेव्हा घरच्या मंडळींनी तारेवरचे कागद दिवाळीच्या साफसफाईत चुलीत घालू नयेत. शाई पुसट व्हायच्या आत झेरॉक्स काढून, मागच्या बाजूला गाव, अंतर आणि गाडी कुणाकुणात मिळून केली होती ते पेन्सिलीने लिहून, एका फाइलीत लावून ठेवावेत.