माळावरची पोलादी रेंजर

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटाला लागून एक भंगारचं दुकान आहे. तिथं ती सायकल वजनकाट्याला टेकवून ठेवलेली होती. टायर चिरलेले, सीटमधला स्पंज बाहेर आलेला, पुढचा ब्रेक गायब. पण फ्रेम सरळ होती आणि नळीवरची ‘रेंजर’ ही अक्षरं अजून वाचता येत होती. दुकानदारानं ती काट्यावर चढवली. साडेसतरा किलो. मी लोखंडाच्या भावानं पैसे मोजले आणि सायकल हातानं ढकलत घरी आणली.

तेव्हापासून या सायकलींनी मला झपाटलं आहे. जुन्या मोटारी, जुने रेडिओ, जुनी घड्याळं जमवणारे आपल्याला माहीत असतात. जुन्या पोलादी माउंटन बाईकवर जीव टाकणारे लोक मात्र आपल्याकडे अजून थोडे आहेत. बाहेरच्या देशांत १९८० आणि १९९०च्या दशकांतल्या अशा सायकली शोधून, त्यांचे मूळ भाग मिळवून त्या पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्यांचा मोठा गोतावळा आहे. त्यांना त्या इतक्या का आवडतात, हे समजायचं तर ही सायकल कुठून आली ते आधी पाहावं लागेल.

कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. १९७०च्या दशकात तिथली काही तरुण मुलं महायुद्धापूर्वीच्या जाड टायरांच्या, वजनदार श्विन सायकली मोडीतून उचलून आणत आणि डोंगरावरून मातीच्या वाटेनं खाली सोडत. त्या सायकलींना पायडल उलटं दाबलं की लागणारा ब्रेक असे. उतारावर तो ब्रेक इतका तापायचा की मागच्या हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली पोचलं की हब उघडून नव्यानं ग्रीस भरावं लागे. त्यावरूनच त्या भागातल्या एका उताराला ‘रिपॅक’ हे नाव पडलं. तिथली पहिली शर्यत झाली २१ ऑक्टोबर १९७६ रोजी. गॅरी फिशर, चार्ली केली, जो ब्रीझ, टॉम रिची ही पुढं जगभर गाजलेली नावं याच वेडातली. मोडीतल्या फ्रेम तुटायला लागल्या तेव्हा जो ब्रीझनं १९७७ साली खास डोंगरासाठी नवी फ्रेम जोडली. ती सायकल आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९८१ साली स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टम्पजंपर’ आली आणि कारखान्यात बनलेली माउंटन बाईक कुणालाही दुकानातून विकत घेता येऊ लागली.

या सगळ्याची सुरुवात भंगारातून झाली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे ही लाट पोचली ती नव्वदच्या दशकात, लुधियाना आणि मद्रासमार्गे. लुधियानाची हिरो सायकल्स १९८६ सालीच जगातली सर्वाधिक सायकली बनवणारी कंपनी म्हणून गिनेस बुकात गेली होती. तिची ‘रेंजर’ आणि मद्रासच्या हर्क्युलिसची ‘एमटीबी’ रस्त्यावर आल्या आणि पोरांच्या डोक्यातलं सायकलचं चित्रच बदललं. तोवर सायकल म्हणजे उंच, काळी, रॉडच्या ब्रेकची. गिरणीचा भोंगा झाला की कामगार त्यावरून निघत, दूधवाले दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून त्यावरून फिरत. नवी सायकल ठेंगणी होती, चाक सव्वीस इंची, टायर जाड आणि गोट्यांचे, हँडल आडवं सरळ. रंग लाल, निळा, पोपटी. आमच्या भागात मग कुठल्याही कंपनीच्या जाड टायरच्या सायकलला ‘रेंजर’च म्हणू लागले. दहावीत चांगले गुण पडले तर रेंजर मिळेल, या बोलीवर आमच्या चाळीतल्या कितीतरी पोरांनी अभ्यास केला.

रेंजर ही काही टॉम रिचीच्या हातची सायकल नव्हे. दोन्हींत पोलादाचाच फरक आहे. परदेशातल्या चांगल्या फ्रेम क्रोमॉलीच्या असत, म्हणजे लोखंडात कार्बनसोबत सुमारे एक टक्का क्रोमियम आणि थोडं मॉलिब्डेनम. या मिश्रणानं पोलादाची ताकद वाढते, त्यामुळे नळीची जाडी कमी करता येते. त्यातही नळी दोन्ही टोकांना जाड आणि मधे पातळ ठेवायची युक्ती आहे, कारण ताण सगळा सांध्यापाशी येतो. या युक्तीचं पेटंट बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सनं १८९७ साली घेतलं. मूळचा त्यांचा धंदा खिळे बनवण्याचा! आपल्या रेंजरची नळी साध्या पोलादाची, टोकापासून टोकापर्यंत एकाच जाडीची. म्हणून ती जड. चढावर ते वजन मांड्यांना कळतं.

तरीही दोघींचं रक्त एकच आहे. पोलादाचा एक गुण असा की ताण ठरावीक मर्यादेच्या आत राहिला तर ते लाखो हिसके खाऊनही थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही. छोटा ताणही वर्षानुवर्षं साठत जातो, म्हणून त्या फ्रेमच्या नळ्या जाडजूड कराव्या लागतात. ॲल्युमिनियम वाईट आहे असं मी म्हणणार नाही. वजनाला ते पोलादाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं आणि चढावर त्याचं सुख मोठं. पण त्याची फ्रेम तडकली तर ती जोडणारा माणूस गावात मिळत नाही. पोलादाची नळी पितळेनं सांधता येते. पितळ पोलादाच्या बरंच आधी वितळतं, त्यामुळे मूळ नळीला धक्का लागत नाही. शेतीची अवजारं सांधणाऱ्या माणसालाही हे काम जमतं.

आणि इथंच सोलापूर मला या सायकलींचं माहेर वाटतं. या शहरात पहिली कापडगिरणी १८७७ साली निघाली. गिरण्या गेल्या, पण लोखंड जिवंत ठेवायची विद्या इथून गेली नाही. पूर्व भागात बापाच्या वेळचा माग आज मुलगा चालवतो. चादरीचा जकार्ड माग बिघडला तर कुणी तो फेकून देत नाही. दात झिजलेलं चक्र, वाकलेली दांडी घेऊन माणूस लेथवाल्याकडे जातो आणि संध्याकाळी नवा भाग घेऊन परततो.

माझ्या रेंजरचं तसंच झालं. पायडलच्या दांड्याची कॉटर गंजून धरली होती. गल्लीच्या कोपऱ्यावर चाळीस वर्षं बसणारे मिस्त्री म्हणाले, “घाई करू नका. रातभर डिझेल पिऊ द्या तिला.” दुसऱ्या दिवशी त्यांनी खाली लाकडाचा ठोकळा धरला आणि वरून हातोडीचा एकच नेमका घाव घातला. कॉटर टुणकन बाहेर पडली. कप फिरवून काढला तर आत काळं, डिंकासारखं घट्ट झालेलं ग्रीस आणि त्यात रुतलेले छर्रे. मिस्त्रींनी एकेक छर्रा फडक्यावर घेऊन उन्हात धरला. ज्यावर बारीक खड्डा दिसला तो बाजूला. आतला एक्सल झिजून एका बाजूला चर पडली होती. त्या मापाचा एक्सल दुकानात मिळाला नाही, म्हणून मागाचे सुटे भाग करणाऱ्या लेथवाल्यानं तो करून दिला. मग मिस्त्रींनी चाक चिमट्यात अडकवून फिरवलं आणि रिमजवळ खडू धरला. जिथं खडू घासला तिथल्या तारा कधी ढिल्या, कधी ताठ करत त्यांनी आऊट काढला. तासभर दुकानात कुणी बोललं नाही. शेवटी चाक फिरत राहिलं आणि खडूला काही लागलं नाही.

पोलादाचा शत्रू गंज, आणि तो आतून येतो. कोकणात खारी हवा फ्रेम पोखरते. सोलापूर पर्जन्यछायेतलं कोरडं शहर. आपल्या उन्हानं टायर, सीट आणि प्लास्टिक मरतं, पण फ्रेम वाचते. म्हणून जुनी सायकल घेताना वरच्या रंगाकडे पाहू नका. सीटची नळी बाहेर निघते का पाहा. फ्रेम उलटी करून हलकेच ठोका आणि गंजाचे पापुद्रे गळतात का पाहा. चिमट्याजवळच्या आणि पायडलखालच्या सांध्यांवर बोट फिरवून चीर शोधा. लोहचुंबक फिरवा. तो चिकटला नाही तिथं कुणीतरी लांबी भरून खड्डा बुजवलाय असं समजा. आणि रंग उडाला असला तरी मूळ अक्षरं खरवडू नका. चकचकीत नव्या रंगात बुडवलेली रेंजर मला ओळखू येत नाही.

सुट्या भागांच्या बाबतीत आपण परदेशी शौकिनांपेक्षा नशीबवान आहोत. तिकडे नव्या माउंटन बाईकची चाकं मोठी झाली आणि सव्वीसचे चांगले टायर शोधावे लागतात. आपल्याकडे मुलांच्या सायकली अजून सव्वीसवर धावतात, त्यामुळे सायकलच्या कुठल्याही दुकानात तो टायर टांगलेला दिसतो.

थंडीत पहाटे मी नान्नज-मार्डीच्या बाजूला जातो. माळढोक अभयारण्याची हद्द सोडून बाहेरच्या पाणंदीनं. दोन्हीकडं ज्वारी, खाली मुरूम. काळ्या मातीचा पट्टा आला आणि ओल असली तर उतरून ढकलावं लागतं, कारण चिखल चिमट्यात अडकून चाक फिरत नाही. सराटे आणि बाभळीचे काटे ठरलेले, पंक्चरचं सामान खिशात ठेवूनच निघायचं. शॉकअप नाही. मग जाड टायरमधली हवा थोडी कमी करायची, कोपर सैल ठेवायचे आणि सीटवरून किंचित उठून मांड्यांनी धक्के घ्यायचे. रिपॅकवर ती पोरं हेच करत होती. इतक्या हळू आणि इतक्या जवळून माळ मी आधी कधी पाहिला नव्हता.

अशा सायकली आता झपाट्यानं कमी होतायत. ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनीच, ॲटलसनं आपला साहिबाबादचा कारखाना बंद केला. त्या नावाच्या कितीतरी सायकली आपल्या जिन्याखाली आणि माळ्यावर पडून आहेत. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी उभारलेल्या संग्रहालयात जुन्या सायकली जपल्या जातात, दुसऱ्या महायुद्धातली छत्रीधारी सैनिकांची घडीची बीएसएसुद्धा तिथं आहे. नव्वदच्या दशकातल्या रेंजरला मात्र अजून कुणी जुनं म्हणायला तयार नाही. त्यामुळेच ती सगळ्यात आधी काट्यावर चढते.

तुमच्या घरी अशी एखादी असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी ती एकदा कोपऱ्यावरच्या मिस्त्रींकडे न्या. माझ्या रेंजरला दोन टायर, दोन ट्यूब, छर्रे, एक्सल, ब्रेक आणि मजुरी धरून जो खर्च आला, त्यात नवी सायकल आली नसती. आणि हे काम येणारे मिस्त्री आता साठीच्या पुढं गेले आहेत.