मचाण कुठं बांधायचं?

हैदराबादहून विजयवाड्याकडे जाणाऱ्या महामार्गाला लागून, वनस्थलीपुरमच्या इमारतींना खेटून, गवताचं आणि झुडपांचं एक मोठं माळरान अजून तग धरून आहे. निजामाच्या काळात ही राखीव शिकारभूमी होती. १९७५ मध्ये, भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाणवर्षाच्या निमित्तानं, तिथे अभयारण्य झालं. आता ते महावीर हरिण वनस्थली राष्ट्रीय उद्यान आहे. काळवीट हे इथलं वैभव.

या माळावर मचाण बांधून काळविटाची वाट पाहण्यात फारसा अर्थ नाही. उघड्यावर राहणारा हा प्राणी नजर आणि वेग यांच्या जोरावर जगतो, आणि त्याला अमुक एका वाटेनंच यायला लावील असं सपाट जमिनीत काही नसतं. म्हणून संस्थानी काळात काळविटाच्या शिकारीसाठी पाळीव चित्ता बैलगाडीवर बसवून कळपाजवळ नेत. रोज शिवारात दिसणाऱ्या गाडीला काळवीट बिचकत नसे. कोल्हापूरचे चित्तेवान या कामात नावाजलेले होते.

श्रीशैलमच्या रस्त्यानं दक्षिणेला गेलं की जमीन पालटते. नल्लमलाच्या डोंगररांगा, खोल दऱ्या आणि पलीकडे कृष्णा. आज हा भाग अमराबाद व्याघ्र प्रकल्पात येतो. फरहाबादचं पठारही त्यातच. तिथेही निजामाच्या शिकारी होत. इथे राहतात ती चितळं आणि सांबरं. काळवीट हा कुरंग, त्याची शिंगं जन्मभर टिकतात. चितळ-सांबराची शिंगं गळतात आणि पुन्हा उगवतात. मात्र शिकाऱ्याच्या दृष्टीनं खरा फरक चालण्यात होता. डोंगराळ मुलुखात जनावर वाटेल तिथून जात नाही.

उभा चढ चढायचा तर शक्ती खर्च होते, म्हणून डोंगराची रांग ओलांडताना जनावरं खिंड धरतात. दोन दऱ्यांमधली सोंड, उतारावरचा सपाट टप्पा, कडा आणि ओढा यांच्यामधली चिंचोळी पट्टी, रान संपून गवत सुरू होतं ती कड: या सगळ्या जागी पायवाटा एकवटतात. सांबर चढउतारावर सहज वावरतं. चितळाला सपाटी किंवा सौम्य उतार आणि जवळ पाणी लागतं. त्यामुळे एकाच खोऱ्यात दोघांसाठी मचाणाच्या जागा वेगळ्या निघतात. हाका घालून शिकार करायची तेव्हाही हेच गणित असे. हाकारे पायथ्याकडून पुढे सरकत आणि बंदूकवाला बसे वरच्या खिंडीपाशी, कारण बिथरलेलं जनावर शेवटी तिथूनच निसटणार.

पण वाट सापडली म्हणजे जागा सापडली असं नाही. हरणाचं नाक माणसापेक्षा कितीतरी तीक्ष्ण, आणि डोंगरातला वारा दिवसभरात दिशा बदलतो. ऊन चढलं की उतारालगतची हवा तापून वर सरकते. सूर्य मावळला की तीच हवा थंड आणि जड होते, उतारावरून घरंगळत ओढ्यात जमते आणि पाण्याप्रमाणे खालच्या अंगाला वाहू लागते. म्हणून सकाळचं मचाण वाटेच्या वरच्या बाजूला हवं आणि संध्याकाळचं खालच्या. ओढ्यातल्या पाणवठ्यावर रात्र काढायची तर पाण्याच्या खालच्या अंगाला बसावं. डोंगरावरून उतरणाऱ्या सांबराला मग माणसाचा वास लागत नाही. जोराचा वारा सुटला तर मात्र हा हिशेब कोलमडतो. बशीसारख्या खोलगट जागी वारा घुमतो, तिथे तर कुठेही बसा, वास पसरतोच.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार थांबवली. जागा हेरण्याची विद्या मात्र वाया गेली नाही, आणि ही मोठ्या समाधानाची गोष्ट आहे. महाराष्ट्रात बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबा-मेळघाटात हौशी माणसं पाणवठ्यालगतच्या मचाणांवर बसून जनावरं मोजतात. वैशाखात पाणी मोजक्याच जागी उरतं आणि वर लख्ख चांदणं असतं. कॅमेरा ट्रॅप लावणारे संशोधकही वाटांचे फाटे, कोरडे ओढे आणि खिंडीच शोधतात. २०१८-१९ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि साडेतीन कोटींच्या आसपास छायाचित्रं मिळाली. जागा चुकली असती तर त्यांतली बहुतेक हलत्या गवताची निघाली असती.

या कामात हैदराबादचा हात पुन्हा आहे. बालानगरचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र उपग्रहांवरून जमिनीच्या उंचसखलपणाचे नकाशे तयार करतं. ५ मे २००५ रोजी सोडलेल्या कार्टोसॅट-१ वर दोन कॅमेरे होते. एक २६ अंश पुढे पाहायचा, दुसरा ५ अंश मागे. एकाच जागेची अशी दोन कोनांतली छायाचित्रं जुळवली की उंची काढता येते. संगणकावर या नकाशातून उतार, खिंडी आणि ओढे आधीच निवडता येतात. मग पायी फिरून खुणा, लेंड्या, खुरांचे ठसे ताडून पाहायचे. ते ताडायला नल्लमलात चेंचूंचे डोळे लागतात. धनुष्यबाण घेऊन शिकार करणाऱ्या या समाजातले अनेकजण आता वनखात्यासाठी रानाची राखण करतात.

हेच ज्ञान चोरट्या शिकाऱ्याकडेही असतं. तारेचा फास तो लावतो चिंचोळ्या वाटेवर, पाण्याकडे उतरणाऱ्या घळीत, कुंपणाच्या फटीशी. म्हणून गस्तीच्या तुकड्या सगळं रान सारखंच धुंडाळत बसत नाहीत. जिथे मचाण बांधावंसं वाटेल अशा जागी त्या आधी जातात, वाकून गवत बाजूला करतात आणि झाडाच्या बुंध्याला बांधलेली तार शोधतात.