संशोधन कुरखेड्यात, मार्गदर्शक कोठे?

कुरखेडा तालुक्यातील एखाद्या अंगणवाडीच्या दाराशी सकाळी उभे राहिले, तर दोन दृश्ये एकाच वेळी नजरेस पडतात. एका बाजूला गोंडीत, छत्तीसगढीत किंवा मराठीत बोलणारी मुले, आणि दुसऱ्या बाजूला मोबाईलवर त्यांची उंची, वजन व हजेरी नोंदविणारी सेविका. 2021 पासून 'पोषण ट्रॅकर'वर या नोंदी होऊ लागल्या. यंत्राने वाढ मोजली जाते हे खरे; पण सेविकेचा मुलाशी बोलण्याचा वेळ त्यामुळे वाढला की घटला? घरी गोंडी बोलणारे मूल पडद्यावरील मराठी गाण्यातून भाषा शिकते, की नुसतेच पाहत राहते? हे प्रश्न पीएच.डी.च्या योग्यतेचे आहेत, आणि ते याच मातीतील पदव्युत्तर विद्यार्थ्याला सुचावेत हे स्वाभाविक आहे. अडते ते मार्गदर्शकापाशी.

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. विद्यापीठासाठी मात्र विद्यार्थ्याला नागपूरचीच वाट धरावी लागे. 2011 साली गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि ती वाट जवळ आली. तरीही अंतर केवळ मैलांचे नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा व सहायक प्राध्यापकाला चारच संशोधक घेता येतात. त्यातच विषय दोन शास्त्रांच्या सीमेवरचा. शिक्षणशास्त्राचा विभाग म्हणतो, हे संगणकाचे काम. संगणकाचा विभाग म्हणतो, हे बालमानसशास्त्राचे. परिणामी विद्यार्थी आपला प्रश्न सोडून, ज्याच्याकडे जागा रिकामी आहे त्याचा प्रश्न स्वीकारतो. प्रबंध पूर्ण होतो, पदवीही मिळते. अंगणवाडीतील प्रश्न जेथल्या तेथे राहतो.

वस्तुतः दोन शास्त्रांचा असा संगम नवा नाही. गणितज्ञ सीमोर पॅपर्ट यांनी जिनीव्हात ज्याँ पियाजे यांच्या सहवासात काही वर्षे काढली, आणि मूल स्वतः रचना करीत शिकते हा विचार पुढे 'लोगो' या संगणकभाषेत उतरला. आपल्याकडे अनुताई वाघ ताराबाई मोडकांच्या हाताखाली 1945 साली बोर्डीला आल्या, आणि आदिवासी मुलांच्या अंगणात बालशिक्षणाचे शास्त्र घडले. दोन्ही ठिकाणी गुरू लाभला तो सूचना-फलकावरील यादीतून नव्हे, तर समान प्रश्नाच्या ओढीतून.

खुद्द गडचिरोलीचे उदाहरण याहून बोलके आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने बालकांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वास मोजण्याचे एक साधे साधन तयार केले. त्यात होते वाळूचे घड्याळ आणि मणी. मोजदाद न येणाऱ्या व्यक्तीलाही ते वापरता यावे हा हेतू. पुढे 39 गावांतील घरपोच नवजात-सेवेने बालमृत्यू घटल्याचे त्यांचे संशोधन 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगाने त्याची दखल घेतली. तंत्र म्हणजे महागडे यंत्र नव्हे, आणि संशोधन म्हणजे शहर नव्हे, हा या इतिहासाचा धडा आहे. कुरखेड्यातच 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' ही संस्था अनेक वर्षे काम करीत आहे. अनुभवाचा साठा येथे आहे; त्याला शास्त्राची शिस्त देणारा हात हवा आहे.

तो शोधायचा कसा? विद्यार्थ्याने पदनाम पाहून नव्हे, तर काम पाहून मार्गदर्शक निवडावा. 'शोधगंगा'वर भारतीय विद्यापीठांचे प्रबंध विनामूल्य वाचता येतात. आपल्या विषयाजवळचे पाच प्रबंध वाचले, तर त्यांवरील मार्गदर्शकांची नावे हीच खरी यादी ठरते. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, आयआयटी मुंबईतील शैक्षणिक तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम, एसएनडीटी व बडोदे विद्यापीठांतील मानव विकासाचे विभाग ही या विषयाची ठाणी आहेत. तेथे 'मला घ्यावे' एवढेच लिहिणारे पत्र बाजूला पडते. आपला प्रश्न, तो कोणत्या गावी व कसा दिसला, त्या अभ्यासकाच्या लेखनाशी त्याचा संबंध काय, हे एका पानात मांडणारे पत्र मात्र वाचले जाते. उत्तर नकाराचे आले, तरी 'मग कोणाकडे जावे' एवढे अवश्य विचारावे.

विद्यापीठाचेही कर्तव्य आहे. 2022 च्या नियमांनी दुसऱ्या विभागातील वा संस्थेतील सहमार्गदर्शकाची वाट खुली ठेवली आहे. गडचिरोलीतील मार्गदर्शक आणि मुंबईतील सहमार्गदर्शक अशी जोडी जमली, तर दोन शास्त्रांचा वाद उरणार नाही. मार्गदर्शकांच्या यादीत नावापुढे केवळ विभाग न देता त्यांचे अभ्यासविषय छापले, तरी विद्यार्थ्यांचे कित्येक हेलपाटे वाचतील.

प्रश्न एका पदवीचा नाही. बाहेरचा संशोधक येतो, माहिती गोळा करतो आणि निघून जातो. गोंडी बोलणारे मूल त्याच्या तक्त्यातील एक आकडा होते. त्या मुलाची भाषा जाणणारा संशोधक तालुक्यातूनच उभा राहिला, तर त्या आकड्यामागचे मूलही दिसेल. तो उभा राहण्यास उत्सुक आहे. त्याच्या पत्राला उत्तर देण्याची जबाबदारी विद्यापीठांची आहे.