धुळे जिल्हा : जमीन, पाणी आणि माणसं

चारच तालुके

इंग्रजी अमदानीतल्या अवाढव्य खानदेशाचे १९०६ साली दोन जिल्हे झाले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव, पश्चिम खानदेश म्हणजे धुळे. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबारही वेगळा झाला आणि धुळ्याकडे धुळे, साक्री, शिंदखेडा, शिरपूर एवढेच तालुके उरले. जळगावात पंधरा आहेत.

कातळ, गाळ आणि फड

उत्तरेला सातपुडा, पश्चिमेला सह्याद्रीचे फाटे, मधून पश्चिमेकडे जाणारी तापी. शिरपूरकडच्या तापीकाठी गाळाची खोल जमीन आहे. दक्षिणेला बेसाल्टचा कातळ, आणि तो चिरत बहुतांशी पूर्व-पश्चिम गेलेल्या काळ्या दगडाच्या भिंती, म्हणजे डाइक. जमिनीखालचं पाणी कुठे अडेल आणि कुठे निसटेल, हे इथे बरंचसं या भिंती ठरवतात.

या कोरड्या मुलखात लोकांनी पांझरेवर फड बागायत उभी केली. नदीत दगडी बंधारा, त्याखालच्या शेतीचे फड, एका फडात सगळ्यांचं एकच पीक आणि पाण्याची पाळी सांभाळायला पाटकरी. सरकारी पाटबंधारे खातं येण्याच्या कितीतरी आधीपासून शेतकरी हे आपसांत चालवत आले. माझ्या मते जिल्ह्याची खरी ओळख हीच आहे, आणि ती शाळेच्या भूगोलात ठळकपणे यायला हवी.

माणसं

२०११ च्या जनगणनेत लोकसंख्या २०,५०,८६२ भरली. सात दशांशांहून अधिक लोक खेड्यांत राहतात आणि जवळपास तिसरा हिस्सा अनुसूचित जमातींचा आहे: भिल्ल, पावरा, कोकणा, मावची. मैदानात अहिराणी, डोंगरपट्ट्यात भिली, पावरी, कोकणी.

मोजणीत निसटणारी गावं

ती जनगणना ९ ते 
२८ फेब्रुवारीत झाली, म्हणजे ऐन ऊसतोडीत. साक्री-शिरपूरच्या पाड्यांवरची कुटुंबं तेव्हा गुजरातेत नाहीतर पश्चिम महाराष्ट्रात कोयता चालवत असतात. पूर्ण मोजणीकाळ बाहेर असलेल्यांची नोंद ते जिथे असतील तिथे होते. त्यामुळे अशा पाड्यांचा आकडा प्रत्यक्षाहून कमी पडू शकतो. पावसाळ्यात ही माणसं परततात, तेव्हा विहीर, शाळा आणि दवाखाना सगळ्यांनाच लागतो. पाड्याची नळयोजना आखताना पावसाळ्यातली डोकी मोजायलाच हवीत.